बॅरिएट्रिक ऑपरेशननंतरचे पहिले आठ आठवडे: काय, किती आणि कोणत्या क्रमाने

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर आठव्या-दहाव्या दिवशी माणसाला चांगलं बरं वाटू लागतं. पोटावरची भोकं बुजत आलेली असतात, दुखणं ओसरलेलं असतं, घरच्यांचा जीव भांड्यात पडलेला असतो. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी मायेने मऊ भात कालवून पुढे करतं. आतली स्टेपलची रेघ, म्हणजे जठर कापून बारीक पिनांनी जिथे बंद केलं ती जागा, मात्र अजून कच्चीच असते. बाहेरून दिसणारं बरेपण आणि आतलं बरेपण यांच्यात काही आठवड्यांचं अंतर असतं. बहुतेक चुका त्या अंतरातच होतात.

पुढचा क्रम स्लीव्ह आणि बायपास या दोन नेहमीच्या ऑपरेशनांसाठी आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. बायपासमध्ये वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. प्रत्येक सर्जनचा आहाराचा तक्ता थोडा वेगळा असतो. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावरचे दिवस आणि इथले दिवस जुळले नाहीत, तर कागदावरचे पाळा.

या आठ आठवड्यांत वजन उतरवण्यासाठी वेगळं काहीही करायचं नाही, ते उतरतंच. रोजचं काम एवढंच: आधी पाणी, मग औषधं, मग चालणं, मग प्रथिनं. एखादा दिवस बिघडला आणि सगळं जमेना, तर ही यादी खालून सोडत या. पाणी शेवटपर्यंत सोडू नका.

## टप्पा १: ऑपरेशनच्या आधी घराची तयारी

घरी परतल्यावर बाजारहाट करायची ताकद नसते आणि घरचेही दमलेले असतात. म्हणून हे आधीच जमवून ठेवा:

- ३० मिलीचा मापाचा कप. नसेल तर १५ मिलीचे दोन मोठे चमचे म्हणजे तेवढंच माप. ‘एक घोट’ हे माप धरू नका, प्रत्येकाचा घोट वेगळा असतो.
- ५०० मिलीच्या तीन बाटल्या. दिवसभरात तिन्ही रिकाम्या झाल्या की पाण्याचा हिशोब पूर्ण.
- लहान बाळाचा चमचा, बारीक गाळणी, मिक्सरचं छोटं भांडं.
- थर्मामीटर आणि नाडीचे ठोके दाखवणारं बोटाला लावायचं यंत्र.
- व्हे प्रोटीनची (दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर) छोटी पाकिटं, दोन-तीन चवींची. ऑपरेशननंतर चव बदलते. आधी आवडलेली व्हॅनिला नंतर नकोशी होते आणि दोन किलोचा डबा पडून राहतो.
- घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची. पहिले दोन-तीन आठवडे उकिडवं बसून उठताना पोटावर ताण येतो.
- खोकताना-शिंकताना पोटाशी धरायला एक घट्ट उशी.

यानंतरची तयारी कागदावरची, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव लिहा आणि समोर तीन रकाने करा: चालू, बंद, डोस बदलला. डिस्चार्ज मिळण्याआधी हे रकाने डॉक्टरांकडून भरून घ्या. कारण असं:

- मधुमेह: खाणं एकदम कमी होतं आणि साखर काही दिवसांतच उतरते. जुन्याच डोसने इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत राहिलात तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत घसरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या पातळ आहाराच्या काळात स्वतःहून सुरू करू नका. साखर साधारण दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.
- रक्तदाब: लघवी वाढवणारी गोळी पाणी कमी पिण्याच्या दिवसांत माणसाला कोरडं करते.
- दुखणं: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही घराघरांत असणारी औषधं आता नकोत. बायपासमध्ये जोडाजवळ अल्सर होण्याचं ते मोठं कारण आहे. दुसरं कारण धूम्रपान. पॅरासिटामॉल किती आणि किती तासांनी घ्यायची, ते लिहून घ्या.
- ‘एसआर’, ‘एक्सआर’ असं लिहिलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या: या कुटायच्या नसतात. बदलून दुसऱ्या प्रकारात मिळतील का, ते विचारा.

घरी निघण्याआधी तपासा: रात्री दोन वाजता फोन करायचा झाला तर कोणत्या नंबरवर? तिथे कोण उचलेल? हे माहीत नसेल तर डिस्चार्ज अपुरा आहे.

घरात एकाच माणसाकडे स्वयंपाकघराचा कारभार द्या. सासू, आई आणि बहीण तिघी आपापल्या परीने पौष्टिक करायला लागल्या की दिवसाअखेर किती गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा २: पहिले ७ दिवस, घोट मोजायचे

दर १५ मिनिटांनी ३० मिली. तासाला १२० मिली. जागेपणीचे १३ तास धरले तर १,५६० मिली. एवढा एकच हिशोब पहिल्या आठवड्यात जमला तरी खूप झालं. या ऑपरेशननंतर पुन्हा भरती व्हावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत मळमळ, उलट्या आणि शरीरातलं पाणी कमी होणं ही अगदी वर येतात.

कसं प्यायचं यालाही महत्त्व आहे. भांडं उंच धरून वरून पाणी पिण्याची आपल्याकडची सवय इथे पूर्ण सोडा. त्यात मोठा घोट जातो आणि सोबत हवाही जाते. कप ओठाला लावून, बसून, हळू प्या. थंड पाण्याने छातीत कळ येत असेल तर कोमट करून पाहा. अनेकांना कोमट सोसतं.

पहिले दोन-तीन दिवस निवळ पातळ पदार्थ: पाणी, ताकाची गाळलेली निवळी, गूळ न घातलेलं कोकमाचं पाणी, गाळलेलं भाज्यांचं किंवा चिकनचं सूप, मुगाच्या कढणाचं वरचं पाणी. नारळपाणी थोडं चालतं, पण त्यात साखर असते आणि पोटॅशियमही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. उसाचा रस, फळांचा रस, सरबत, सोडा बंद. बायपासनंतर गोड पातळ पदार्थ सरळ आतड्यात उतरतात आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात. त्याला डंपिंग म्हणतात.

चालणं ऑपरेशनच्याच दिवशी सुरू झालेलं असतं. घरी आल्यावर जागेपणी दर तास-दीड तासाने ५ ते १० मिनिटं घरातल्या घरात फेऱ्या मारा. सलग अर्धा तास चालून मग चार तास सोफ्यावर पाय लोंबकळत बसणं काही कामाचं नाही. पायातल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये यासाठी चालायचं असतं, आणि ती गुठळी बसण्यातून होते. रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन घरी दिलं असेल तर रोज ठरल्या वेळी, ठरल्या दिवसापर्यंत घ्या. ‘आता चालतोय ना’ म्हणून मध्येच थांबवू नका. पुण्या-मुंबईत ऑपरेशन करून सोलापूर, लातूर, जळगावला गाडीने परतणाऱ्यांनी दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं पाय मोकळे करावेत.

दुखण्याबद्दल थोडं. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे खांदे दुखतात. हे दुखणं दोन-चार दिवसांत जातं आणि चालल्याने कमी होतं. ज्या भोकातून जठराचा तुकडा बाहेर काढला, ते भोक इतरांपेक्षा जास्त दुखतं. ही दोन्ही दुखणी रोज थोडी कमी व्हायला हवीत.

सावधान, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात जा:

- शांत बसलेलं असताना नाडी मिनिटाला १२०च्या वर आणि ती उतरत नाही. ताप नसला आणि पोट फारसं दुखत नसलं तरीही. स्टेपलच्या रेघेतून गळती सुरू झाली तर कधी कधी हीच पहिली खूण असते.
- १०१ अंशांपेक्षा जास्त ताप, थंडी वाजणं.
- पोटातलं दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, किंवा कमी झालेलं डाव्या खांद्याचं दुखणं नव्याने सुरू होणं.
- एकाएकी धाप लागणं, छातीत दुखणं.
- एकाच पायाची पोटरी सुजणं, दाबल्यावर दुखणं.
- काळी, डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडी १२०पर्यंत चढेलच असं नाही. अशा माणसाने स्वतःच्या नेहमीच्या नाडीशी तुलना करावी आणि ‘काहीतरी बिनसलंय’ ही भावना गांभीर्याने घ्यावी. गळती अनेकदा घरी गेल्यानंतर उघडकीला येते, म्हणून पहिले तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ नाडी आणि ताप लिहून ठेवा.

रोज तपासा: लघवी दिवसातून चार-पाच वेळा आणि फिकट रंगाची होते का? हळदीच्या पाण्यासारखी गडद असेल किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर पाणी कमी पडतंय.

## टप्पा ३: दुसरा आठवडा, पातळ पण प्रथिनांचं

साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दूध, पातळ ताक, प्रोटीन शेक सुरू होतात आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांवर भर येतो. आता रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य धरा. पहिल्याच दिवशी ते गाठलं जाणार नाही. आठवडाभरात तिथपर्यंत पोचायचं.

इथली सर्वांत मोठी गैरसमजूत म्हणजे डाळीचं पाणी. वरणाच्या वरचं निवळ पाणी आजाऱ्याला देणं ही आपल्या घरांची रीत आहे, पण त्यात प्रथिनं नाममात्र असतात. ती डाळीच्या गाळात राहतात. वाटी-वाटी डाळपाणी पिऊन माणूस दिवसाला १० ग्रॅमसुद्धा गाठत नाही. मग तीन आठवड्यांत हातपाय गळतात आणि पुढे केस गळतात. भाताच्या पेजेचंही तेच.

गणित असं बसवा. साय काढलेलं २०० मिली दूध म्हणजे सुमारे ६ ते ७ ग्रॅम. व्हे प्रोटीनचा एक मापचमचा, डब्यावर लिहिल्याप्रमाणे, साधारण २४ ग्रॅम. एक चमचा २०० मिली दुधात मिसळला की ३० ग्रॅम झाले. असं दोनदा केलं की ६० ग्रॅम. पण एका बैठकीत २०० मिली जाणार नाही. प्रत्येक ग्लासाचे दोन भाग करा आणि एकेक भाग अर्ध्या तासात संपवा. म्हणजे दिवसात चार बैठका. मधल्या वेळात पाणी. दुधाने पोट फुगत असेल तर आयसोलेट प्रकारचं (दुधातली साखर जवळजवळ काढलेलं) व्हे किंवा सोयाचं प्रोटीन पाण्यात घ्या. माल्टच्या गोड पावडरींना प्रोटीन समजू नका. त्यांत बरीचशी साखर असते.

भूक लागणार नाही. स्लीव्हमध्ये भुकेचं संप्रेरक जिथे मुख्यतः तयार होतं, तो जठराचा भाग काढलेला असतो. म्हणून ‘भूक लागली की घेईन’ असं म्हणू नका. घड्याळ लावा.

शौचाला दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा होते. आत जातंच कमी, म्हणून हे चालतं. खडा धरला तर डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोजसारखं पातळ औषध घ्या. इसबगोल या दिवसांत नको. ते पाणी शोषून फुगतं, आणि इथे ना जागा आहे ना पुरेसं पाणी.

## टप्पा ४: तिसरा आणि चौथा आठवडा, मिक्सरमधलं

आता दाटपणा घोटलेल्या दह्याइतका. चमचा वाकडा केला की अख्खा घास सरकन घसरला पाहिजे, त्यात एकही कण राहता कामा नये. मुगाचं घट्ट वरण फिरवून, मिरची न घातलेलं मऊ पिठलं, साखर न घातलेला चक्का थोड्या दुधात सैल करून, दुधात वाटलेलं पनीर, उकडलेलं अंडं सुपात फिरवून, काटे काढलेला वाफवलेला मासा रश्शात फिरवून. पनीरच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात ६.

एका वेळी दोन ते चार मोठे चमचे. बाळाच्या चमच्याने, २० ते ३० मिनिटं लावून. आणि एक नियम इथून कायमचा: खाताना पाणी नाही, खाल्ल्यावर ३० मिनिटं पाणी नाही. पाणी प्यायलं की घास खाली ढकलला जातो किंवा वर येतो. दोन्ही वाईट.

थांबायचं कधी? पोट भरल्याची जुनी खूण आता येणार नाही. नव्या खुणा ओळखा: उचकी, अचानक नाक वाहणं, शिंक, छातीच्या मधोमध दाब. यातली पहिली खूण आली की चमचा खाली ठेवा. ताटलीत एकच चमचा उरला असेल तरी तो टाकून द्या. ‘अन्न टाकू नये’ हा संस्कार चांगलाच आहे. तो पाळायचा असेल तर मुळात कमी वाढून घ्या.

उलटी झाली तर: दोन तास काहीही नको. मग कोमट पाण्याचा एकेक चमचा. ते टिकलं तर पुढचे २४ तास मागच्या टप्प्यावर, म्हणजे फक्त पातळ पदार्थांवर. एखादी उलटी बहुधा घाईने खाल्ल्याची असते. पण आधी जाणारे पदार्थ अडायला लागले, मग पातळही अडायला लागलं, तर वाट अरुंद झालेली असू शकते; सर्जनना दाखवा. १२ तास पाणीही टिकत नसेल किंवा उलट्या २४ तासांपेक्षा जास्त चालल्या, तर हॉस्पिटल.

सावधान, गावातलं सलाईन: उलट्या झाल्या की जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घेणं नेहमीचंच. यात एक गंभीर धोका आहे. शरीरातला बी१ जीवनसत्त्वाचा (थायमिनचा) साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो. अशा वेळी बी१ न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलासुरला बी१ही खर्ची पडतो आणि मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा: बॅरिएट्रिक ऑपरेशन झालंय, इतके दिवस उलट्या होतायत, ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्या. हे वाक्य लिहून पाकिटात ठेवा, कारण तेव्हा बोलायचीही ताकद नसेल.

## टप्पा ५: मनाचं काय, आणि ते बहुधा इथेच का डगमगतं

मनाचा त्रास पहिल्या दिवसापासून चालू असतो, पण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तो जोर धरतो. शरीराला दिवसाला जेमतेम काहीशे कॅलरी मिळतायत, झोप तुटक आहे, संप्रेरकं हललेली आहेत. आणि आजवर दमल्यावर, चिडल्यावर, एकटं वाटल्यावर ज्या गोष्टीकडे हात जायचा, ते खाणं एका रात्रीत काढून घेतलंय. ‘हे काय करून बसलो’ हा विचार फार जणांच्या मनात येतो. रडू येतं. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला की राग येतो. ऑपरेशन चुकलं असा याचा अर्थ नाही. एक आधार गेलाय, त्याचं ते दुःख आहे, आणि त्याला दुःखच म्हणावं.

त्यात भर पडते वजनकाट्याची. पहिल्या दोन आठवड्यांत काटा भराभर उतरतो, कारण ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, संपते आणि तिच्यासोबत पाणीही जातं. तिसऱ्या आठवड्यात शरीर ते पाणी पुन्हा धरतं आणि काटा आठ-दहा दिवस हलत नाही. कधी अर्धा किलो वरही जातो. या थांब्यात घाबरून लोक शेक सोडतात किंवा पाणी कमी करतात. काही करू नका. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर करा आणि बाकी सहा दिवस काटा कपाटात ठेवा.

करण्यासारख्या गोष्टी:

1. जेवणाच्या वेळेचं काय करायचं, ते आधी ठरवा. पहिले दोन आठवडे घरचे जेवत असताना दुसऱ्या खोलीत बसलात तरी चालेल. तिसऱ्या आठवड्यापासून स्वतःची वाटी घेऊन त्यांच्याबरोबर बसा, नाहीतर जेवणाची वेळ म्हणजे एकटेपणाची वेळ अशी गाठ बसते.
2. संध्याकाळची १५ मिनिटं, जेव्हा पूर्वी चहा-फरसाण असायचं, दुसऱ्या एखाद्या ठरलेल्या कामाला द्या: फेरी, फोन, विणकाम, बागेला पाणी. मोकळी ठेवलीत तर ती वेळ खाण्याच्याच आठवणीने भरते.
3. भेटायला येणाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा: ‘डॉक्टरांनी दीड महिना बाहेरचं काही घ्यायचं नाही असं सांगितलंय.’ डिंकाचे लाडू, शिरा, तूपभात मायेने येतात; त्यांना कारण द्यावं लागतं. ऑपरेशनबद्दल किती सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. ‘शॉर्टकट घेतलास’ असं म्हणणाऱ्याला उत्तर देण्यात या दिवसांतली शक्ती घालवू नका.
4. घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा की ‘खाल्लंस का?’ऐवजी ‘पाणी किती झालं?’ असं विचारायचं.

मनाची औषधं आधीपासून चालू असतील तर ती स्वतःहून बंद करू नका. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, काही गोळ्या पूर्वीइतक्या शोषल्या जात नाहीत. उदासी परत येतेय असं वाटलं तर मनोविकारतज्ज्ञांकडून डोस तपासून घ्या.

दारूबद्दल वेगळं सांगायला हवं. बदललेल्या जठरातून ती फार लवकर रक्तात जाते, थोडीशी जास्त चढते, आणि खाण्याची जागा दारूने घेणं हा या ऑपरेशननंतरचा खरा, माहितीतला धोका आहे. या दोन महिन्यांत अजिबात नको.

हे नेहमीचं नाही, मदत घ्या: दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर उदास वाटणं. वजन वाढेल या भीतीने ठरलेलं प्रोटीनही टाळणं. बोट घालून उलटी काढणं. जगू नये असं वाटणं. शेवटची खूण दिसली तर भेटीची तारीख यायची वाट पाहू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानसचा क्रमांक आहे. तो मोफत आणि २४ तास चालतो, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी हे लक्षात ठेवावं: वजन छान उतरतंय म्हणजे माणूस आतून बराच आहे असं नसतं.

## टप्पा ६: पाचवा ते आठवा आठवडा, मऊ आणि मग घरचं

दिवसाला एकच नवा पदार्थ, आणि तोही दुपारी. रात्री नवा पदार्थ अडला तर मदत मिळायला वेळ लागतो. आधी मऊ प्रथिनं: खिमा, वाफवलेला मासा, मऊ अंडं, पनीर कुस्करून, सालं काढून मऊ शिजवलेली मुगाची उसळ. मग दुधी, लाल भोपळा, पडवळ. घास वाटाण्याएवढा, चावून-चावून पेस्ट होईपर्यंत. ताटलीत आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा राहिलीच तर धान्य.

पोळी, पाव, भात हे शेवटी येतात. ताजी मऊ पोळी तोंडात पिठाचा गोळा होते आणि तसाच गोळा त्या अरुंद नळीच्या तोंडाशी अडकतो. त्यापेक्षा कडक भाजलेली पातळ भाकरी किंवा टोस्ट, चुरून, बऱ्याच जणांना सोसतो. कोरडे पोहे, साबुदाणा, मका, ओलं खोबरं, पेरूच्या बिया, कोथिंबिरीचे देठ, सुकं चिकन यांना अजून थांबवा. साबुदाण्याची खिचडी चिकटही असते आणि तिच्यात प्रथिनंही नगण्य.

उपवास आत्ता नको. निर्जळी तर नाहीच. संकष्टी, एकादशी, नवरात्र मध्ये आली तर घरच्यांशी आधीच बोलून घ्या. त्या दिवशीचं व्रत दुसऱ्या कुणीतरी धरावं.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या एव्हाना सुरू झालेल्या असतात आणि त्या जन्मभराच्या आहेत. डोस तुमच्या तपासण्यांवर ठरतो, पण साधारण आकडे माहीत असावेत: कॅल्शियम दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६००पेक्षा जास्त नाही, लोह मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपास झालेल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम, बी१२ तोंडाने रोज ३५० ते १,००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला इंजेक्शन, ड जीवनसत्त्व रोज ३,००० युनिट, रक्तातली पातळी पुरेशी होईपर्यंत. कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा सायट्रेट घ्या, ते शोषायला जठरातलं आम्ल लागत नाही.

चूक होते ती वेळांची. सगळ्या गोळ्या सकाळी एकदम घेऊन मोकळं होणं म्हणजे अर्ध्या वाया घालवणं. कॅल्शियम आणि लोह यांत किमान दोन तास ठेवा. थायरॉइडची गोळी या दोन्हींपासून चार तास लांब. चहाबरोबर लोह घेऊ नका. एक नमुना: ६ला थायरॉइड, ११ला कॅल्शियम, २ला लोह, ५ला कॅल्शियम, ९ला मल्टिव्हिटॅमिन. पित्ताच्या खड्यांसाठी सहा महिन्यांची गोळी दिली असेल तर ती पूर्ण करा. वजन वेगाने उतरताना खडे होतात.

शरीराच्या कामांचे नियम: सहा आठवडे ४ ते ५ किलोंपेक्षा जास्त उचलू नका. भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोंचा असतो. भरलेला हंडा, कडेवरचं मूल, ओल्या कपड्यांची बादली, सगळी या मापाच्या वरचीच. भोकांवर साबणाचं पाणी वाहू द्या, घासू नका, वर हळद-तेल लावू नका. टबात किंवा विहिरीत पोहणं जखमा पूर्ण भरेपर्यंत नको. बसून करायच्या कामावर बहुतेक जण दोन आठवड्यांत परततात, अंगमेहनतीच्या कामावर सहा आठवड्यांनी. दुचाकी किंवा गाडी तेव्हाच चालवा, जेव्हा गुंगी आणणारी औषधं बंद झालीयत आणि एकदम ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही. मुंबईत लोकलने जाणाऱ्यांनी पहिला महिना गर्दीची वेळ टाळावी. कोपराचा एक धक्का पोटात बसला तरी पुरे.

## टप्पा ७: तपासण्या, आणि तिसऱ्या महिन्यात काय येणार

पहिल्या आठवड्याची भेट जखमेसाठी, महिन्या-दीड महिन्याची आहार आणि औषधांसाठी, तिसऱ्या महिन्याची रक्त तपासणीसाठी. तिसरी भेट सगळ्यांत जास्त चुकवली जाते, कारण तोवर कपडे सैल झालेले असतात आणि लोक कौतुक करत असतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृत आणि मूत्रपिंड, मधुमेहींसाठी तीन महिन्यांची सरासरी साखर, एवढं तरी त्यात असावं. जाताना नाडी-तापाची वही, गोळ्यांचा तक्ता आणि अडलेल्या पदार्थांची यादी न्या.

साधारण तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागतात. ऑपरेशन आणि झपाट्याने उतरलेलं वजन, या धक्क्याने एकदम विश्रांतीत गेलेले केस तेव्हा सुटतात. गळणं काही महिने चालतं आणि बहुधा आपोआप थांबतं. महागडी तेलं आणि बायोटिन यांवर खर्च करण्याआधी प्रथिनं, लोह आणि जस्त पुरेसं जातंय का, ते बघा.

स्त्रियांनी एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवावी. वजन उतरायला लागलं की अनियमित पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं न राहिलेलं मूल अनपेक्षितपणे राहू शकतं. १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि बायपासनंतर किंवा उलट्या होत असताना तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहता येत नाही. तांबी किंवा दुसरा कोणता उपाय आपल्याला चालेल, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या.